आत्याचा इसार

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो टेबलावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल रचून वर उभा होता, आणि गळक्या पत्र्याशी चांगला कडाकडा भांडत होता. बाहेर परतीचा पाऊस नुसता कोसळत होता. मी आणि आत्या दारात उभ्या... ओल्याचिंब. आत्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ, माझ्या एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात नुकतीच तुटलेली चप्पल.

"अहो," मी म्हटलं, "मॅनेजर कुठं भेटतील?"

"वर आहेत," वरूनच उत्तर आलं.

"वर म्हणजे माडीवर?"

"माडी नाही हो इथं. वर म्हणजे... मीच. जरा ते स्टूल धराल का? हलतंय."

आता काय करता! ट्रंक खाली ठेवली, चप्पल खाली ठेवली आणि स्टूल धरलं. पत्र्यातलं पाणी थेट माझ्या कपाळावर. त्यानं खाली पाहिलं, मी वर पाहिलं, आणि तो एवढा ओशाळला की हातातली डांबराची कुपी सुटून माझ्या पदरावर आली. ते पातळ नवं होतं. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईच्या तोंडी ते शोभत नाही.

त्याचं नाव राधाकृष्ण. राहणार देवळाली प्रवरा, घरी उसाची शेती. नगरला कॉलेज करून इथं चिकटलेला. 'इथं' म्हणजे नागापूरच्या पुढं, मनमाड रस्त्यावर, नवीनच उघडलेलं 'विश्रांती सदन'. एकाहत्तर साल होतं. म्हाताऱ्या माणसांनी पैसे भरून राहायचं घर असतं, हेच तेव्हा कुणाला पटायचं नाही. मला तर मुळीच पटलेलं नव्हतं. पण माझी आत्या, गोजरबाई, हट्टाला पेटली होती, आणि गोजरबाईला अडवणारा माणूस आमच्या पाथर्डी तालुक्यात जन्माला यायचा होता.

पाऊस थोडा उतरल्यावर तो खुर्चीत बसला, केस पुसले आणि एकदम पुस्तकी आवाजात सुरू झाला.

"आजीबाई, प्रवेशाच्या वेळी एक रक्कम भरावी लागते. तिला आम्ही अनामत म्हणतो. तीन महिन्यांच्या आत आपण सोडून गेलात तर ती परत मिळते. त्यानंतर मात्र तिचं आजन्म निवास-देणगीत रूपांतर होतं, आणि ती परत..."

"आजीबाई कुनाला म्हनतो रं?" आत्या म्हणाली. "आत्या म्हन."

"बरं. आत्याबाई. तर अनामत म्हणजे..."

"आदी पैसं द्यायचं, मंग काम सुरू. व्हय ना?"

"हो, म्हणजे तसं..."

"मंग उचल म्हन की सरळ! लई फिरवून बोलतो."

मी कपाळाला हात लावला. माझे वडील ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम होते. नावाला ते, पण टोळी चालवायची आत्या. दरवर्षी दसरा झाला की ती जोडप्यांना आगाऊ पैसे द्यायची, हातावर नारळ ठेवायची. ती उचल. उचल घेतली की माणूस हंगामभर बांधला गेला. मुकादम म्हणेल तेव्हा उठायचं, म्हणेल त्या फडात कोयता चालवायचा. आत्याच्या हिशेबी जगात आगाऊ पैशाचा दुसरा अर्थच नव्हता.

राधाकृष्ण आधी माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवून 'नको, नको' अशी खूण केली. पण बिचारा दमला होता, भिजला होता, आणि माझ्या पदरावरच्या डांबराकडं बघून अर्धा मेला होता.

"बरं," तो म्हणाला, "उचल म्हणा."

आत्यानं पैसे दिले. पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातावर ठेवला. मग त्याचा दंड चाचपून बघितला. "हाडं बारीक हायेत," ती मला म्हणाली, "पर चालंल."

पुढच्या रविवारी मी जीव मुठीत धरूनच गेले. आत्याला घालवून दिलं असणार, अशी माझी खात्री होती. नगरातल्या बोळात आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या. आठवडाभर तिथं एकटीनं भाकरी थापताना माझा घास घशाखाली उतरला नव्हता. आई मला जन्म देतानाच गेली, वडील मी सातवीत असताना. बैल आणि गाड्या विकून आत्यानं मला शिकवलं, मास्तरीण केलं. तिच्याशिवाय मी कधी एक रात्र राहिलेली नव्हते.

राधाकृष्ण फाटकातच भेटला. डोळे तारवटलेले.

"काय केलं तिनं?" मी विचारलं.

"काही नाही. पहाटे दार वाजवतात. म्हणतात, उचल घेतलीयस ना, ऊठ. पाणी तापव."

"अगं बाई..."

"मग स्वयंपाकघरात. आमटी पातळ झाली म्हणून आचाऱ्याची सगळी आमटी त्याच्याच ताटात वाढली. आता घट्ट होते. आणि ते बघा."

मागच्या पडीक जागेत सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या वाफे करत होते. आत्या बांधावर कमरेवर हात देऊन उभी. एक उंच म्हातारबुवा झारीनं पाणी घालत होते.

"ते भिमाजी. एस.टी.वर ड्रायव्हर होते. इथं आल्यापासून खाटेवरून उठले नव्हते."

"मग आता?"

"आता आत्याबाई त्यांना विचारतात, गाडी कुठपर्यंत आली? ते म्हणतात, मेथीपर्यंत."

मला हसू आवरेना. तोही हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला बारीकशी खळी पडते, हे मला तेव्हा दिसलं... आणि दिसलं ते दिसलंच.

मग रविवार सुरू झाले. सकाळच्या एस.टी.नं मी जायची. आत्याशी थोडं बोलायची. ती मला लवकरच हाकलायची, "मला कामं हायेत, तू त्या म्यानेजरकडं बस जा." ओसरीवर त्याच्या टेबलाशी मी मुलांच्या वह्या तपासायची. तो काहीतरी लिहायचा, म्हणजे लिहायचं सोंग करायचा. मध्येच चहा यायचा. पत्र्यावर एखादी सर वाजून जायची आणि ओल्या मेथीचा वास ओसरीभर पसरायचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो म्हणाला, "तुमच्या आत्याबाईंनी माझी रजा नामंजूर केली."

"तुमची? तिनं?"

"देवळालीला निघालो होतो. म्हणाल्या, उचल घेऊन टोळी सोडून जातोस? लाज न्हाई वाटत?"

"मग नाही गेलात?"

"गेलो. पण दुसऱ्याच दिवशी परत आलो."

"आत्याला एवढे घाबरता?"

"त्यांना घाबरतोच." त्यानं पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं. "शिवाय... दुसऱ्या दिवशी रविवार होता."

मी वहीवर बरोबरची खूण करत होते. ती खूण पानाबाहेर गेली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. मुलाचं उत्तर चुकलंय."

"मग बरोबर का केलंत?"

"तुम्ही तुमचं काम करा बघू!"

डिसेंबर आला आणि लढाई लागली. नगर म्हणजे लष्कराचं गाव, सगळीकडं काळोखाचा हुकूम. खिडक्यांना काळे कागद, एस.टी.च्या दिव्यांना अर्धा काळा रंग. संध्याकाळी तो मला फाट्यापर्यंत सोडायला यायचा. त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. समोरून ऊसतोडीच्या बैलगाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, घुंगरं वाजवत, एकामागं एक. थंडी बोचत होती. त्यानं गळ्यातला मफलर काढला, माझ्याकडं धरला... मी घेतला नाही. तोही मागं घेईना. शेवटी मी नुसतं एक टोक धरलं आणि मफलर आमच्या दोघांच्या हातात लोंबत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "मी आईला सांगू का?"

"काय?"

"की... एक बाई आहेत. रविवारच्या."

'सांगा' हा शब्द ओठावर आला होता, अगदी ओठावर. तो मी गिळला.

"नका सांगू."

"मी आवडत नाही?"

"आवडता!" मी जवळजवळ ओरडलेच. एका गाडीवरची बाई वळून बघायला लागली. मग मी आवाज खाली आणला. "मला दोन स्थळं आली होती. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न, आत्याचं काय करणार? दुसऱ्यांदा तिनं दाराआडून ऐकलं. पुढच्याच आठवड्यात हे तुमचं सदन शोधून काढलं. माझी वाट मोकळी व्हावी म्हणून ती इथं येऊन पडलीय. तिचं घर मोडून मी माझं मांडू? नाही जमणार मला."

त्यानं मफलरचं आपल्याकडचं टोक हाताभोवती गुंडाळलं.

"संक्रांतीला तीन महिने होतात. त्याआधी मी तिला घरी नेणार. तुम्ही फक्त तिची अनामत परत द्यायची."

"आणि मी?"

"तुम्ही... तुमचं काम करायचं."

एस.टी. आली. मी चढले. तो खिडकीखाली येऊन म्हणाला, "देईन. कुणी काही म्हणो, एक पैसा कापू देणार नाही." मग मफलर खिडकीतून आत टाकला आणि निघून गेला. नगर येईपर्यंत मी त्या मफलरात तोंड खुपसून रडले. शेजारची बाई विचारत होती, "लढाईवर कोन गेलंय का बाई तुमचं?" मी मान हलवली. ती हो की नाही, मलाच कळलं नाही.

भोगीच्या दिवशी मी गेले ती आत्याला न्यायलाच. खोलीत आत्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावत बसली होती. शेजारच्या खोलीतल्या कडूबाई वांगी चिरत होत्या. मला बघून त्या उठून बाहेर गेल्या.

"चल, सामान भर," मी म्हटलं.

"कुठं?"

"घरी."

"कुनाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? आपल्या!"

"आपलं कंचं गं? बोळातलं? ते त्या घरमालकाचं."

"आत्या, मला सगळं माहितीय. माझं लग्न व्हावं म्हणून तू स्वतःला इथं टाकून घेतलंस. मला नको असलं लग्न. मी तुला घेऊन जाणार म्हणजे जाणार!"

आत्यानं हातातली भाकरी परातीत ठेवली आणि मोठ्यांदा हसली.

"तुझ्या लग्नापायी? लई शानी हायेस! आगं, तुझ्या लग्नासाटी मी पोरगं शोधलं आसतं, म्हाताऱ्यांचं घर कशाला शोधलं आसतं?"

"मग?"

तिचं हसू थांबलं. "पुष्पे, बापाचं घर बापाचं. तितनं सासरी गेले, ते सासऱ्याचं. मालक गेलं तशी भावाकडं आले. भाऊ गुनाचा हुता, पर घर त्येचं. तीस वरसं त्येची टोळी चालवली, आन दुसरी भाकरी घ्यायच्या आदी त्येच्या तोंडाकडं बघितलं. त्यो कधी न्हाई म्हनला न्हाई गं. पर मी बघायचीच. उद्या तुझ्या घरी आले की जावयाच्या तोंडाकडं बघीन. मला आता न्हाई बघायचं कुनाकडं. हितं मी आदी पैसं देऊन आलेय. ही खोली माझी हाय. तू नगं म्हनू."

एवढी वर्षं मी तिच्या शेजारी जेवले होते, आणि ती कुणाच्या तोंडाकडं बघते हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मला तिचा रागही आला, खोटं कशाला सांगू. तीन महिने मी तिच्यासाठी झुरत होते, आणि ती इथं मजेत होती!

दारात राधाकृष्ण उभा होता. हातात पाकीट. चेहरा उतरलेला, पण दाढी गुळगुळीत.

"आत्याबाई, ही तुमची रक्कम. बाई म्हणाल्या होत्या, परत..."

"ठिव तुझ्याकडंच. मी न्हाई जात."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं डोळे पुसले.

"मग आत्याबाई, उद्यापासून हिची देणगी होईल. तसं दप्तरात..."

"देनगी देवाला देत्यात. मी काय उपकार न्हाई केला तुमच्यावर."

"बरं, मग उचलच राहू दे."

"न्हाई. उचल हंगामापुरती आसती. हंगाम सरला की मानूस मोकळं." तिनं जरा विचार केला. "इसार म्हन. रान घ्यायचं ठरलं की देत्यात बघ, त्यो. इसार दिला की रान आपलं. दुसऱ्यानं बघायचं न्हाई."

"पण आत्याबाई, इसार म्हणजे खरेदीचा... ही खोली काही तुमच्या नावावर..."

बोलता बोलता तो थांबला. आत्या त्याच्याकडं बघत होती. आयुष्यात जिच्या नावावर वीतभर जमीन झाली नाही, ती बाई.

"इसार," तो म्हणाला. "तुम्ही हयात आहात तोवर ही जागा तुमची, आत्याबाई. दुसऱ्या कुणाचीही नाही."

"हां. आन आता तुझ्या आईबापाला बोलव."

"कशाला?"

"कशाला म्हनतो! पोरगी बघायला. पोरगी दाखवायला घर लागतं, ते आता हाय माझ्याकडं."

माझे कान तापले. तो चाचरायला लागला, "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"दर ऐतवारी दाढी करतुस, ती काय भिमाजीसाटी?"

तो ओसरीवर पळाला. मी मागोमाग गेले. उन्हात भोगीच्या भाजीचा वास सुटला होता. तो खांबाला टेकून उभा, पाकीट अजून हातात.

"बाई, अनामत काही परत देता आली नाही," तो म्हणाला.

"बरं झालं."

"मग... माझं काय?"

मी खाली बघितलं. वर बघितलं. शेवटी बोलून टाकलं, "आईला सांगा. म्हणावं, रविवारची बाई आता रोज यायला तयार आहे."

त्याच्या गालाला ती खळी पडली. मी तिला बोट लावलं. दिवसाढवळ्या, ओसरीवर! आतून कडूबाईंच्या हातातलं वांगं पडल्याचा आवाज आला.

बघायला त्याची आई, झुंबरबाई, आली ती गोंधळूनच गेली. मुलीकडची म्हणून तीसेक म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. भिमाजी खाकी कोट घालून मामाच्या जागी. पोहे कडूबाईंनी केलेले, ते इतके तिखट की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यातली तुमची माणसं कोणती?" झुंबरबाईंनी विचारलं.

"समदीच," आत्या म्हणाली.

झुंबरबाई सरळ मनाच्या होत्या, पण चालीरीतीच्या पक्क्या. "मुलगी चांगली आहे. पण आत्याबाई, रागावू नका. मुलीला आई नाही, बाप नाही. माझी सून पंचमीला, दिवाळीला जायची कुठं? लेकीला माहेर नको का?"

हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत होता. शाळेतल्या बाया माहेराला निघाल्या की मी वर्गाचा फळा पुसत बसायची.

"माहेर हितं हाय," आत्या म्हणाली. "ही खोली माझी हाय. म्यानेजरला इचारा."

म्यानेजर नवरदेवाच्या पाटावर बसला होता. त्यानं खाली मान घालून सांगितलं, "आई, त्यांचीच आहे."

वैशाखात लग्न झालं. संसार आम्ही बोळातल्या त्याच दोन खोल्यांत मांडला. तो रोज सायकलवरून सदनात जायचा. या सगळ्याला आता किती वर्षं झाली! आत्या नाही, भिमाजी नाहीत, ओसरीही पाडून तिथं मोठी इमारत झालीय. पण पंचमी आली की मला ते बाहत्तर सालच आठवतं.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. श्रावणातही आभाळ कोरडं, रान उघडं. तरी पंचमीला झुंबरबाईंनी देवळालीहून येऊन मला रीतसर ओटी भरून माहेरी पाठवलं. राधाकृष्ण सायकलवरून सोडायला आला. फाटकात आत्या उभी.

"जावाई म्हनून आलास का म्यानेजर म्हनून?" तिनं त्याला विचारलं. "जावाई आसशील तर च्या पी आन जा. म्यानेजर आसशील तर पानी कमी पडतंय, त्याचं बघ."

तो चहा न पिताच पाण्याचं बघायला गेला. म्हाताऱ्यांनी लिंबाला झोका बांधला होता. कडूबाईंनी पुरणाची दिंडं केली होती. आत्यानं माझी पिशवी घेतली, आत नेऊन आपल्या फळीवर ठेवली. मग पदराला हात पुसत, अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "किती दिस ऱ्हानार हायेस?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. सासरहून आलेल्या लेकीलाच ते विचारतात.

"चार दिवस," मी म्हटलं.

"चारच?" आत्या म्हणाली, आणि तोंड फिरवून चहा टाकायला गेली.